‘उपयोग काय?’ या प्रश्नाचा समाचार

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या हातून एक अपराध सुरू झाला, आणि दिवाळीच्या सुटीत तो पूर्णत्वास गेला. पाडलेल्या एका जुन्या घराची सागवानी तुळई आम्ही विकत घेतली, आणि केळापुरातील आमच्या अंगणात, गावच्या एका सुताराच्या साहाय्याने, तिच्यातून एक वाद्य तयार केले. ते वाद्य म्हणजे चार तारांची, मंद्र स्वरांची, विजेवर वाजणारी गिटार. तिलाच ‘बेस गिटार’ म्हणतात. तिचा नमुना आम्ही जुन्यातला जुना, म्हणजे १९५१ सालचा निवडला. आमचे वय पन्नाशी उलटलेले. व्यवसाय महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा. आणि संगीतातील आमची गती एवढीच की शेजारी अद्याप तक्रार घेऊन आलेले नाहीत. असे असता हा उद्योग आम्ही का केला, असे कोणी विचारील तर आमचे उत्तर एका शब्दाचे आहे: मौज.

हे उत्तर आमच्या सुशिक्षित स्नेह्यांपैकी कोणासही पटले नाही. ते पटले नाही याचे आम्हांस दुःख नाही; परंतु ते न पटण्याची जी कारणे त्यांनी दिली, ती मात्र इतकी सार्वत्रिक आणि आमच्या मते इतकी अनिष्ट आहेत की त्यांचा जाहीर समाचार घेणे आम्हांस कर्तव्य वाटते. आक्षेप तीन आहेत. पहिला असा की हे वाद्य परके आहे. दुसरा असा की बाजारात तयार मिळणारी वस्तू घरी करीत बसणे हा काळाचा आणि द्रव्याचा अपव्यय आहे. तिसरा असा की ज्या तालुक्यात कापूस पिकविणाऱ्याच्या घरी आकांत आहे, त्या तालुक्यात प्राध्यापकाने गिटारी कराव्यात हे शोभत नाही. पहिले दोन आक्षेप हलके आहेत, तिसरा वजनदार आहे. पण तिन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच: ‘याचा उपयोग काय?’

प्रथम वस्तू काय आहे ते सांगू, म्हणजे वाद हवेत होणार नाही. पाश्चात्य वाद्यमेळात मंद्र स्वरांचा पाया घालण्याचे काम पूर्वी डबल बास हे माणसापेक्षाही उंच, उभे धरून वाजवावयाचे वाद्य करीत असे. ते नेण्याआणण्यास अवघड, आणि मोठ्या मेळात त्याचा आवाज बुडून जाई. १९३६ च्या सुमारास अमेरिकेतील सिएटल येथे पॉल टुटमार्क याने विजेवर वाजणारे, पडदे बसविलेले आणि गिटारीसारखे आडवे धरावयाचे मंद्र वाद्य करून विक्रीस ठेवले. ते फारसे चालले नाही. १९५१ साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर याने तीच कल्पना अधिक सुटसुटीत रूपाने बाजारात आणली. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो म्हणून वाद्याचे नाव त्याने ‘प्रिसिजन’ ठेवले. हा फेंडर शिक्षणाने हिशेबनीस आणि धंद्याने रेडिओ दुरुस्त करणारा होता. गिटार त्यास आयुष्यभर वाजविता आली नाही. आमच्याकडे हिंदी चित्रपटगीतांच्या द्वारे हे वाद्य घरोघर पोहोचले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांचे वादन ज्याच्या कानी कधीच पडले नाही, असा मराठी श्रोता विरळाच. मात्र ते नाव आणि ते वाद्य त्यास ठाऊक नसते, एवढेच.

फेंडरच्या वाद्याचे अंग म्हणजे एक सपाट फळी, मान म्हणजे दुसरी फळी, आणि दोन्ही चार स्क्रूंनी जोडलेल्या. अटीपासून घोडीपर्यंत तारेची लांबी चौतीस इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाच्याही ती खाली उतरते. तारांखाली लोहचुंबके, आणि चुंबकांभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सुमारे दहा हजार वेढे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते, आणि वेढ्यांत विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. हे तत्त्व मायकेल फॅरडे याने १८३१ साली दाखवून दिलेले आहे, आणि आमच्याकडील प्रत्येक विद्यार्थी ते दहावीच्या परीक्षेत लिहून गुण मिळवितो. ते स्वतःच्या हाताने गुंडाळलेल्या वेढ्यांतून ऐकू येते, हे मात्र आम्हांस वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळले.

आता पहिला आक्षेप. वाद्य परके आहे, हे खरेच आहे. परंतु आक्षेप घेणारे आमचे स्नेही स्वतः नाट्यपदांचे भोक्ते आहेत, आणि नाट्यपद म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम जी पेटी येते ती हार्मोनियम पॅरिसच्या देबँ याने १८४२ साली पेटंट घेतलेली वस्तू आहे. तिला परकी म्हणून हिणविणारेही झाले. १९४० साली नभोवाणीने तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ साली शिथिल होईपर्यंत तीस वर्षे टिकली. आणि त्या तीस वर्षांत एकाही भजनी मंडळाने पेटी अडगळीत टाकल्याचे आमच्या ऐकिवात नाही. वाद्य कोठून आले यापेक्षा ते आल्यावर आमच्या माणसांनी त्याचे काय केले, हा खरा प्रश्न आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साहाय्याने स्वरांची मोजमापे केली, १९१० साली बावीस श्रुतींवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि जिल्हा न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांच्या सहकार्याने श्रुति-हार्मोनियम घडवून आणला. त्यांचे सिद्धान्त पुढे सर्वमान्य झाले नाहीत. पण परक्या पेटीचा गांधार आपल्या कानास खुपतो, एवढ्यावर न थांबता ती पेटी उघडून तिच्या पट्ट्या बदलण्यास निघालेला पेन्शनर आम्हांस ‘परके, परके’ म्हणून ओरडणाऱ्या शंभर विद्वानांपेक्षा अधिक स्वदेशी वाटतो.

शिवाय हे वाद्य जितके परके दिसते तितके ते या मुलखास परके नाही. फळीवर ताणलेली तार आणि तिचा घुमारा, ही काही केळापूर तालुक्याने अमेरिकेकडून शिकावयाची गोष्ट नव्हे. येथल्या गोंडांचे कुलवृत्तान्त गाणारे परधान पिढ्यान्‌पिढ्या आपली किंगरी वाजवीत आले. तमाशातले तुणतुणे म्हणजे लाकडी नळकांडे, एक दांडी आणि एक तार. आणि कापसाच्या या मुलखात गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात जेव्हा टणत्कार करी, तेव्हा लहानपणी आम्ही दाराशी जाऊन उभे राहत असू. त्या आवाजात आणि आमच्या जाड तारेच्या आवाजात जे नाते आहे ते कान असलेल्या कोणासही पटेल.

दुसरा आक्षेप द्रव्याचा. येथे आम्ही प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथमच मान्य करून टाकतो. तारा, खुंट्या, पडद्यांची तार, चुंबके आणि आवाज कमीजास्त करण्याचे सुटे भाग आम्हांस नागपुराहून आणावे लागले; बिघडलेले लाकूड, तुटलेली तार, सुताराची मजुरी हे सर्व जमेस धरले, तर तेवढ्या पैशांत बाजारातून नवेकोरे, आणि बहुधा अधिक गुळगुळीत वाद्य घरी आले असते. वेळेचा हिशेब तर आम्ही ठेवलेलाच नाही. तेव्हा काटकसरीच्या नावाने आम्ही एक अक्षरही बोलणार नाही. जे सांगावयाचे ते निराळे आहे.

आमची पहिली मान बिघडली. वैशाखात रंध्याखालून निघाली तेव्हा ती सुतासारखी सरळ होती. चार तारा मिळून सुमारे ऐंशी किलोंचा ताण देतात हे आम्ही पुस्तकात वाचले होते, पण सागासारखे लाकूड तेवढे सहन करील अशी आमची समजूत होती. श्रावणाची हवा लागली आणि मान धनुष्यासारखी वाकली. सुताराने ती पाहिली आणि एवढेच म्हटले, “सर, लाकूड वाचून कळत नसते.” दुसऱ्या मानेत आम्ही पोलादी सळई बसविली, आणि एकाच फळीऐवजी दोन पट्ट्या रेषा उलटसुलट ठेवून चिकटविल्या. तेव्हा कळले की सागाच्या अंगी तेल असते. जोडण्यापूर्वी ते पुसून काढले नाही तर सरस धरत नाही. तांब्याच्या तारेचे वेढे शिवणयंत्राच्या चाकावर घेतले. तीन हजारांच्या पुढे ती एकदा तुटली, आणि सगळे पुन्हा शून्यापासून. आमच्या वर्गातला एक विद्यार्थी या कामी रोज संध्याकाळी येऊन बसे. त्यास इंग्रजीत पस्तीस गुण मिळविताना घाम फुटतो. पण तारेस किती ताण दिला असता ती तुटत नाही, हे त्याच्या बोटांस आमच्या आधी समजले.

पण खरी गंमत पडद्यांची. पडदे कोठे बसवावे याचे गणित सोपे आहे. तारेच्या लांबीस १७.८१७ ने भागावे, तेवढ्यावर पहिला पडदा; उरलेल्या लांबीस पुन्हा तेवढ्यानेच भागावे, तेथे दुसरा; असे केले की बाराव्या पडद्याशी तार बरोबर निम्मी होते आणि वरचा षड्ज लागतो. आम्ही दशांश चिन्हापर्यंत मोजून पडदे ठोकले, आणि मोठ्या अभिमानाने ते वाद्य आमच्या शेजाऱ्यांस ऐकविले. हे शेजारी एस.टी.तून निवृत्त झालेले चालक, शाळा चौथीपर्यंत, भजनी मंडळात पहिला आवाज त्यांचा. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, “सर, पंचम ठीक आहे, पण तुमचा गांधार चढा लागतो.” आम्ही कागद काढला. शुद्ध पंचमासाठी अटीपासून तारेचा तिसरा हिस्सा, म्हणजे २८८ मिलिमीटरवर बोट पडावयास हवे; आमचा पडदा २८७.३ वर होता. पाऊण मिलिमीटराचा फरक. तो कोण पकडणार? पण शुद्ध गांधारासाठी तारेचा पाचवा हिस्सा, म्हणजे १७२.८ हवे, आणि आमचा पडदा १७८.२ वर. साडेपाच मिलिमीटरांची तफावत! चूक आमच्या कानशीची नव्हती. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडणाऱ्या पाश्चात्य पद्धतीतच गांधार चढा असतो. पेटीविरुद्ध आमच्या गवयांची तक्रार हीच होती, देवलांची धडपड यासाठीच होती. ही गोष्ट आम्ही अनेक ठिकाणी वाचली होती. ती ऐकली मात्र त्या दिवशी, एका एस.टी.चालकाच्या कृपेने.

मग आम्ही एक गोष्ट केली. पक्कड घेतली, आणि इतक्या कष्टाने बसविलेले वीसच्या वीस पडदे उपटून काढले. खाचांत लाकडाच्या बारीक पट्ट्या भरल्या आणि मान घासून सपाट केली. आता गांधार बोटाच्या स्वाधीन आहे; जेथे कान म्हणेल तेथे तो लागतो, आणि बोट चुकले की तेही सर्वांस कळते. लिओ फेंडरने ज्या गुणासाठी आपल्या वाद्याचे नाव ठेवले, तो गुणच आम्ही काढून टाकला.

आता आमचा प्रतिपक्षास एक प्रश्न आहे. हेच वाद्य आम्ही दुकानातून आणले असते, तर त्याचे पडदे उपटण्याचे धाडस आम्हांस झाले असते काय? कदापि नाही. त्याची हमी गेली असती, किंमत उतरली असती, चार लोक हसले असते. आणि मुख्य म्हणजे, त्याचे पडदे काढता येतात ही कल्पनाच आमच्या मनास शिवली नसती. विकत घेणाऱ्यास निवड करता येते; दहांतून एक वस्तू तो उचलू शकतो. पण त्या दहांतील एकही आपणांस मानवत नाही, तेव्हा ती बदलावी, हा विचार ज्याने एकदा तरी वस्तू घडविली आहे त्यासच सुचतो. घरी केलेल्या वस्तूचा लाभ कोणता, असे विचाराल तर तो हा. तो रुपयांत मोजता येत नाही हे खरे. म्हणूनच तो अपव्ययाच्या खाती मांडला जातो.

हा लाभ केवळ आमच्यासारख्या हौशी माणसाच्या मनाची समजूत आहे असे कोणास वाटेल, तर त्यांनी लंडनजवळच्या एका घरात १९६३ साली काय झाले ते पाहावे. ब्रायन मे नावाच्या शाळकरी मुलास हवी ती गिटार घेण्याची ऐपत नव्हती. त्याने आणि त्याच्या वडिलांनी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी लाकूड घेऊन, आणि मोटारसायकलीच्या स्प्रिंगा लावून, गिटार घरीच केली. ‘क्वीन’ या वाद्यवृंदाबरोबर ती गिटार पुढे जगभर वाजली, आणि त्या मुलाने २००७ साली खगोलशास्त्रात डॉक्टरेटही मिळविली. आमच्या मिरजेची कथाही याहून फार निराळी नाही. तलवारींस धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास काम उरले नाही, तेव्हा फरीदसाहेबांसारख्यांनी भोपळा आणि तारा हाती घेतल्या. त्याच मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पहिला तंबोरा दुरुस्त करावयास घेणाऱ्या त्या शिकलगारास कोणी ‘उपयोग काय?’ असे विचारले असते, तर त्याने काय सांगितले असते?

येथे आम्हांस आमच्या बाजूने बोलणाऱ्यांसही थोडे सुनावले पाहिजे. वरील उदाहरणे ऐकताच ते हर्षभरित होतात आणि म्हणतात, “पाहा, यातून उद्योग उभा राहतो! त्या विद्यार्थ्यास कौशल्यविकासाचे प्रमाणपत्र द्या; गिटारींचा कारखाना काढा!” हा पाठिंबा आम्हांस विरोधाहूनही अधिक घातक वाटतो. विरोधक निदान मौजेस मौज म्हणून ओळखतात आणि मग तिचा निषेध करतात. हे स्नेही तिला ओळखतच नाहीत. मूल पाण्यात कागदाची होडी सोडते, तेव्हा त्यास नौकानयनाच्या व्यवसायाची पूर्वतयारी म्हणणाऱ्या माणसाने मूलही पाहिलेले नसते आणि पाणीही. आमच्या वाद्यातून उद्योग निघणार नाही. आमच्या विद्यार्थ्यास त्यामुळे नोकरी लागणार नाही. तरीही तो रोज येत असे, आणि परत जाताना दुसऱ्या दिवशीच्या कामाचे बोलत जात असे. वर्गातून जाताना आमचा विद्यार्थी उद्याच्या पाठाविषयी बोलत गेल्याचे आम्हांस तीस वर्षांत आठवत नाही.

आता तिसरा आक्षेप. तो आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी घेतला, आणि त्यामागे तळमळ आहे हे आम्ही जाणतो. केळापूर तालुक्याचे आणि यवतमाळ जिल्ह्याचे नाव गेल्या पंचवीस वर्षांत बाहेरच्या जगाने कशासाठी ऐकले, हे येथील वाचकांस सांगावयास नको. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी पावणेचार हजार कोटींचे साहाय्य जाहीर झाले. आणि त्यानंतरही शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबल्या नाहीत. आमच्या वर्गात अशी मुले बसतात की ज्यांच्या घरी ही गोष्ट घडलेली आहे. अशा ठिकाणी तारा छेडीत बसणे शोभते काय?

आमचे उत्तर असे. आमचे वाद्य कोणाचे कर्ज फेडणार नाही, आणि फेडील असे आम्ही म्हटलेले नाही. पण दुःख असलेल्या घरी गाणे नको, हा नियम दुःख भोगणाऱ्यांनी केलेला नाही. तो त्यांच्याकडे दुरून पाहणाऱ्यांनी केला आहे. किंगरी वाजविणारा परधान सुखवस्तू नव्हता. तुणतुण्यावर उभे राहून गाणाऱ्याच्या घरी दोन वेळची चूल पेटतच होती असे नाही. ओव्या जात्यावर झाल्या, दिवाणखान्यात नव्हे. गरिबाने फक्त उपयुक्त तेवढेच करावे, आणि मौज, हौस, निरर्थक प्रयोग ही पोट भरलेल्यांची मालमत्ता समजावी, हा विचार सहानुभूतीचा वेष घेऊन येतो. पण तो गरिबाच्या हातून आणखी एक वस्तू काढून घेतो.

आणि अपव्ययाविषयीच बोलावयाचे, तर आमच्याच रस्त्यावरून लग्नसराईत ज्या ध्वनिवर्धकांच्या भिंती गाडीवर चढवून नेतात, आणि ज्यांच्या दणक्याने आमच्या खिडक्यांची तावदाने थरथरतात, त्यांचे एका रात्रीचे भाडे कोणीतरी कर्ज काढून देतो. त्यावेळी आमचे स्नेही पंगतीत बसलेले असतात, आणि ‘उपयोग काय?’ हा प्रश्न त्यांच्या ओठांवर येत नाही. का येत नाही? ती गोष्ट भाड्याने आणलेली असते, म्हणून. विकत आणलेल्या किंवा भाड्याने घेतलेल्या मौजेस हिशेब मागावयाचा नाही, आणि हाताने केलेल्या मौजेस मात्र पैपैचा जाब द्यावयाचा, हा आजचा शिष्टाचार आहे. आमचा सुतार पूर्वी नक्षीची दारे करीत असे. आता दारे तयार येतात, आणि तो बिजागऱ्या बसवितो. आमच्या कामासाठी त्याने बारीक रंधा पेटीतून काढला, तेव्हा त्याचे पाते गंजलेले होते. ते घासून लखलखीत करण्यात त्याने पहिला दिवस घालविला, आणि त्या दिवसाची मजुरी घेण्यास नकार दिला.

येथवर आम्ही इतरांस पुष्कळ बोललो. आता स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली नाही, तर हा लेख अप्रामाणिक होईल. सुमारे वीस वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी टाकाऊ भागांतून स्वतः जुळविलेला रेडिओ घेऊन आमच्या खोलीत आला. वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. त्याने तो आमच्या मेजावर ठेवला, आणि आम्ही, ज्यांनी त्याच आठवड्यात वर्गात विल्यम मॉरिस शिकविला होता, नीळ रंगविताना स्वतःचे हात निळे करून घेणाऱ्या त्या कवीची वाखाणणी केली होती, त्या मुलास म्हणालो, “ठीक आहे, पण परीक्षेत याचा उपयोग काय?” त्याने रेडिओ पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि तो गेला. आम्ही तो लावूनसुद्धा पाहिला नाही. तो वाजत होता की नाही, हे आम्हांस आजतागायत ठाऊक नाही. तेव्हा ज्या प्रश्नाचा समाचार घेण्यास आम्ही बसलो, तो प्रश्न आम्हांस इतक्या चांगल्या रीतीने का ओळखता येतो, हे वाचकांच्या ध्यानी आले असेल.

आता मुद्द्याची गोष्ट. तालुक्यातील एका शाळेत, जिचे नाव घेण्याचे कारण नाही, सुतारकामाची एक खोली आहे. तीत सहा बाके, शेगडे, करवती, पटाश्या, गुण्या, गिरमिटे सर्व आहे. गेली कित्येक वर्षे ती बंद आहे. खिडकीच्या फटीतून पाहिले तर हत्यारांवर धूळ आणि गंज दिसतो. आता तेथील हत्यारे भंगारात काढून त्या जागी प्रवेशपरीक्षांच्या शिकवणीचा वर्ग भरवावा, असे घाटत आहे. त्यासही कारण तेच दिले जाते: सुतारकामाचा आता उपयोग काय?

हे घडत आहे वर्ध्याच्या शेजारी. १९३७ च्या ऑक्टोबरात याच विदर्भातील वर्ध्यास गांधीजींनी शिक्षणपरिषद भरविली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि हस्तव्यवसायातून सर्व शिक्षण द्यावे असा विचार तेथून देशभर गेला. त्या योजनेवर पुष्कळ टीका झाली. शाळेतील कामातून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा आम्हांसही पटत नाही, कारण तीही शेवटी ‘उपयोगा’चीच भाषा आहे. पण मुलाच्या हातास आणि बुद्धीस एकमेकांपासून तोडू नये, एवढे तरी तिच्यातले खरे होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांस दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याजवळ शिकण्यास पाठवावे असे लिहिले आहे. म्हणजे ८३ वर्षांच्या अंतराने दोन वेळा आम्ही हेच कागदावर मान्य केले, आणि खोलीस कुलूप लावून ठेवले.

आमची मागणी मोठी नाही. शिकवणीचा वर्ग दुसऱ्या खोलीत भरवावा. ती शाळेत आहे, आम्ही पाहून आलो आहोत. सुतारकामाची खोली आठवड्यातून एक दिवस, शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास उघडावी. तेथे गुण देऊ नयेत, प्रमाणपत्र देऊ नये, स्पर्धा लावू नये. मुलांनी भोवरे करावेत, तुणतुणी करावीत, बिघडवावीत, पुन्हा करावीत. आमचा सुतार येण्यास तयार आहे, एस.टी.तले शेजारी कान द्यावयास येतो म्हणाले आहेत. लाकूड आम्ही देऊ, कारण तुळई अद्याप अर्धी शिल्लक आहे. आमचे वाद्यही आम्ही तेथे नेऊन ठेवू. ते चार स्क्रूंनी जोडलेले आहे. मुलांनी ते खोलून पाहावे, आणि परत जोडता आले नाही तरी आमची हरकत नाही.

खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या मेजाच्या खणात आहे. शाळा जूनमध्ये उघडेल. तोपर्यंत व्यवस्थापक मंडळीपैकी कोणी आम्हांस ‘उपयोग काय?’ असे विचारू इच्छीत असेल, तर त्यांनी संध्याकाळी आमच्या अंगणात अवश्य यावे. तारा लावलेल्या आहेत.